भिंतीतली बंदूक

काकांनी आयुष्यात एकच वस्तू तिच्या मालकाला परत दिली नाही. एरवी हा माणूस दुसऱ्याचा चमचासुद्धा घरात राहू देत नसे. ती एक वस्तू म्हणजे शिकारीची जुनी रायफल, आणि ती परत द्यायची की नाही यावर एका माणसाचा जीव टांगलेला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण काकांबद्दल बोलायला लागलं की लोक हसतात. तुम्हीही हसाल, हसा, पण हे लक्षात असू द्या.

मी तेव्हा श्रूजबरीत त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. नागपूरहून आलेली, एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणारी, व्हिसावर असलेली आणि ग्रीन कार्डच्या रांगेत ताटकळणारी. काका मूळचे मिरजेचे. वूस्टरच्या एका मशीन टूल्सच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली आणि आता ते रिटायर होते. उंच, हाडकुळे, आणि डोक्यावर तपकिरी कानटोपी. ती जूनपर्यंत उतरत नसे.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती असो की संक्रांत, जेवण पॉटलक असतं. प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो, शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडली जातात, आणि कार्यक्रम संपला की कुणाचं तरी पातेलं, कुणाचा डाव, कुणाच्या डब्याचं झाकण मागे उरतं. बाकीची मंडळी पार्किंग लॉटमध्ये तासभर निरोप घेत असतात, तेव्हा काका हॉलच्या सिंकपाशी उभे राहून ही बेवारशी भांडी घासत. घासून झाली की चष्मा कपाळावर सरकवायचा, भांडं उजेडात धरायचं आणि नाव वाचायचं. आपल्याकडच्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात ना, लग्नामुंजीतली, ठिपक्याठिपक्यांची. त्या नावावरून माणूस हुडकायचा हा त्यांचा छंद म्हणा, खोड म्हणा.

एकदा एका पातेल्यावर 'कुसुम' एवढंच नाव निघालं. मंडळात कुसुम नावाची कुणी नाही. काकांनी एकूण एक घरी फोन लावले. "तुमच्याकडे कुणी कुसुम होत्या का?" रविवारी सकाळी असा प्रश्न ऐकून लोक आधी कोण गेलं ते विचारत. शेवटी ॲक्टनच्या एका बाईंच्या आजेसासूबाई निघाल्या. काका बर्फातून गाडी हाकत तिकडे गेले. मीही होते बरोबर, रस्ता दाखवायला म्हणून. ती बाई दारातच म्हणाली, "अहो काका, मी ते मुद्दाम सोडलं होतं. तळ गेलाय त्याचा. फेकून द्यायचं ना."

"तुम्ही फेका," काका म्हणाले. "तुमचं आहे. मला कसं फेकता येईल?"

आणि तिने ते पातेलं आत नेऊन कपाटात ठेवेपर्यंत हे दारातून हलले नाहीत.

माझी छत्री एकदा त्यांच्या गाडीत राहिली. संध्याकाळी घरीच भेटणार होतो, एका छपराखाली राहत होतो. तरी दुपारी माझ्या ऑफिसच्या रिसेप्शनवर छत्री हजर, दांड्याला माझं नाव दोऱ्याने बांधलेलं. मॅनेजरने विचारलं, "युवर डॅड?" मी म्हटलं, "लँडलॉर्ड." "वस्तूला मालक असतो, आपण नुसते जपणारे," हे काकांचं ठरलेलं वाक्य. काकू त्यावर म्हणत, "लग्नाआधी माझ्या बहिणीची हेअरपिन परत द्यायला मिरजेहून सांगलीला आले होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता."

काकू त्या हिवाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी ऑस्टिनला गेल्या होत्या. इकडे थंडीची लाट आली आणि बेसमेंटमधला पाइप गोठून फुटला. प्लंबरने पाइप जोडला, पण भिंतीवरच्या लाकडी फळ्या भिजून फुगल्या होत्या. मी ऑफिसातून आले तर काका गमबूट घालून, हातात पहार घेऊन त्या उचकटत होते.

"ये, हे टोक धर," ते म्हणाले.

कोपऱ्यातली फळी निघाली आणि मागच्या पोकळीत उभं करून ठेवलेलं काहीतरी लांबट दिसलं. लोकरीच्या घोंगडीत गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. मला वाटलं मासे पकडायची गळाची काठी असेल. मी ते दोन्ही हातांनी उचलून कामाच्या टेबलावर आणलं. जड होतं आणि त्याला जुन्या तेलाचा वास येत होता. काकांनी सुतळी न तोडता गाठ सोडवली.

आत रायफल होती. मी असली वस्तू इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती, आणि पाहायची हौसही नव्हती. पण तिचा लाकडी दस्ता मात्र बघत राहावा असा होता. अक्रोडाचं लाकूड, काका म्हणाले. गडद तपकिरी, आतून काळसर रेषा वळत गेलेल्या, आणि नेम धरताना जिथे गाल टेकवतात तिथे वापरून वापरून गुळगुळीत झालेला. काकांनी बाजूचा दांडा वर उचलून मागे ओढला, आत करंगळी घालून पाहिली, दांडा परत पुढे सरकवला.

"बोल्ट ॲक्शन," ते म्हणाले. कारखान्यातला माणूस जागा झाला होता. "प्रत्येक गोळीला हा दांडा हाताने मागे-पुढे करायचा. बघ कसा बसतो. केसाचीही फट नाही."

"रिकामी आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

"बोट घालून बघितलं ना मी."

मी तोवर हात पाठीमागे घेऊन जिन्यापर्यंत सरकले होते. व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायची नसते, एवढं मला ठाऊक होतं. बाळगणं म्हणजे नेमकं काय, हे ठाऊक नव्हतं. मघाशी मी ते गाठोडं भिंतीपासून टेबलापर्यंत आणलं, ते बाळगणं झालं का? इतकी वर्षं रांगेत काढून सुतळीच्या गाठोड्यापायी नागपूरला परत जायचं की काय? माझं धाबं दणाणलं होतं आणि काका मात्र दस्त्यावरून हात फिरवत होते.

"काका, पोलिसांना कॉल करा. तुमच्याकडे लायसन्स आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? पोलिसांची आहे का ही?"

त्यांनी रायफल उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लाकूड उजेडात धरलं. दस्त्याच्या खालच्या अंगाला चाकूच्या टोकाने कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं होती. वर आर, ठसठशीत. त्याखाली डी, नंतर कधीतरी कोरलेलं, जरा लहान. काकांनी हे घर ज्या म्हाताऱ्याकडून घेतलं त्याचं नाव रे. तो काही वर्षांपूर्वी नर्सिंग होममध्ये वारला. त्याचा मुलगा डेव्ह वूस्टरला राहत होता.

"नाव घातलंय," काका म्हणाले, अगदी पातेल्याबद्दल म्हणत तसेच. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डेव्हला फोन केला. रेच्या फ्युनरलला गेले होते तेव्हापासून नंबर त्यांच्याकडे होता. मी त्या दिवशी घरून काम करत होते आणि भाजीची वाटी द्यायला खाली आले होते. फोन स्पीकरवर होता. बोलणं सगळं इंग्रजीत, मी ते आपल्या भाषेत सांगते.

रायफल सापडली हे डेव्हने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "ती विकली असं डॅड म्हणाला होता."

"विकली नव्हती. इथेच होती. तुमचं अक्षर आहे तिच्यावर."

"चालते का अजून?"

"बोल्ट छान सरकतो," काका अभिमानाने म्हणाले.

"बरोबर गोळ्यांचा डबा होता?"

"नाही, डबा नव्हता."

"ठीक आहे. त्याचं बघता येईल. मी शनिवारी दुपारी येऊ?"

"या की. शिकारीला जाता वाटतं अजून?"

"नाही. ते कधीच सुटलं." आवाज शांत होता, फार शांत आणि फार सभ्य. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "तुमच्या ओळखीत कुणाला कुत्रा हवाय का? म्हातारी कुत्री आहे, पण गुणाची आहे. कुणाला त्रास देत नाही."

"का? तुम्ही कुठे बाहेर चाललात?"

"नाही. मला आता जमणार नाही, इतकंच."

फोन ठेवल्यावर काका तसेच उभे राहिले. मी भाजी गरम करू का विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मग ते बेसमेंटमध्ये गेले. मी मागोमाग जिन्यापर्यंत. उचकटलेल्या फळ्यांमधली कोपऱ्यातली फळी त्यांनी काढून घेतली होती आणि तिच्या कडेवरून ते बोट फिरवत होते.

"ठेवलेली वस्तू आणि लपवलेली वस्तू यांत फरक असतो," ते म्हणाले. "ठेवायची असती तर रेने कपाट केलं असतं. दार ठेवलं असतं, कुलूप घातलं असतं. त्याने फळी बसवून खिळे ठोकले, खिळ्यांची डोकी बुजवली आणि वरून रंग दिला. बाहेरच्या चोरासाठी कुणी एवढं करत नाही. घरातल्या माणसापासून लपवली त्याने."

"पण मुलाचं अक्षर कोरलंय ना तिच्यावर."

"कोरलं आधी. लपवली नंतर."

मला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर बसले. सकाळपर्यंत मला माझ्या व्हिसाची काळजी पडली होती, ती त्या क्षणी कुठल्या कुठे गेली.

काकांनी टूलबॉक्सच्या तळातून चामड्याचं एक पाकीट काढलं. आत कॅलिपर होता, माप घ्यायचा, तेल दिलेला, कधीही न वापरलेला. "कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण होता," ते म्हणाले. "एका आठवड्यात त्याने आपली सगळी हत्यारं वाटून टाकली. मला हा दिला. मी म्हटलं थँक्यू. खूश होऊन घरी आणला."

पुढे त्याचं काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. आता कुणी म्हणेल की परत करायची खोड त्यांना तिथूनच लागली. तसं नाही. सांगलीची हेअरपिन त्याच्या कितीतरी आधीची. माणसाचा स्वभाव असा एका कारणाने घडत नाही, पण त्या कॅलिपरचं ओझं मात्र त्यांच्यावर होतं, हे मला त्या दिवशी दिसलं.

"पोलिसांना सांगा ना काका. ते त्याच्या घरी जाऊन बघतील."

"बघतील. दारात युनिफॉर्म दिसला की तो म्हणेल, आय ॲम फाइन. ते परत येतील. मग तो माझ्याकडे कशाला येईल?"

"आणि तोवर काही केलं तर?"

"ती शनिवारी मिळणार आहे असं त्याला वाटतंय. तोवर थांबेल."

"आणि नाही थांबला तर?"

काकांनी कॅलिपर परत पाकिटात घातला. मी त्यांच्यावर चिडले. एका माणसाच्या जिवाशी असा अंदाजपंचे खेळ करायचा त्यांना काय अधिकार, असं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "अधिकार नाही. पण दुसरं काही सुचत असेल तर सांग." मला सुचत नव्हतं, म्हणून मी आणखीच चिडले.

मग त्यांनी जे सुरू केलं ते फक्त तेच करू शकत होते. त्यांनी डेव्हला परत फोन लावला. कुत्री आपण ठेवून घेऊ, पण आधी सगळी माहिती पाहिजे, असं म्हणून. काय खाते? दिवसातून किती वेळा? वरणभात चालेल का? वरणभात म्हणजे काय, हे डेव्हला समजावण्यात बराच वेळ गेला. संध्याकाळी पुन्हा फोन. ढगांच्या गडगडाटाला भिते का? जिना चढते का? दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या फोन. तिला डाव्या बाजूने चालायची सवय आहे की उजव्या? प्रत्येक फोन उचलला जाईपर्यंत काका टेबलाची कड घट्ट धरून उभे असायचे. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं की मान खाली घालायचे, आणि मग अगदी त्रासिक म्हाताऱ्याच्या आवाजात पुढचा प्रश्न विचारायचे. डेव्ह वैतागला असेल. वैतागलेला माणूस निदान फोनवर असतो.

शुक्रवारी सकाळी त्यांनी रायफल टेबलावर घेतली आणि खालच्या अंगाचे दोन स्क्रू काढले. लोखंड एकीकडे आणि अक्रोडाचा दस्ता एकीकडे. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. "दुसऱ्याची वस्तू मी आजवर कधी खोलली नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग पोलिसांना फोन केला. भिंतीत सापडली, माझ्याकडे लायसन्स नाही, घेऊन जा. एक तरुण ऑफिसर आला. मी वरच्या खिडकीच्या पडद्याआड उभी राहून बघत होते. लोखंड त्याने लांब पिशवीत घातलं आणि दस्त्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. काकांनी मान हलवली. ऑफिसरने दस्ता हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. नुसतं लाकूड होतं ते.

तो गेल्यावर काकांनी सिंकपाशी बराच वेळ हात धुतले. मी खाली आले तेव्हा म्हणाले, "आज मी चोरी केली."

"काका, काहीतरीच काय."

"मालक जिवंत आहे, शहाणा आहे, त्याने मागितली आहे. त्याला न विचारता मी ती दुसऱ्याला दिली. दुसरा शब्द आहे का याला?"

शनिवारी जेवणाच्या सुमाराला डेव्ह आला. पन्नाशीचा, उंच, दाढी नीट केलेली, शर्टाला इस्त्री. गबाळा माणूस आला असता तर मला इतकी भीती वाटली नसती. बरोबर पिंगट रंगाची म्हातारी कुत्री, एका खांद्यावर तिच्या खाण्याची पिशवी, हातात तिचं अंथरूण. "ही हेझल," तो म्हणाला, आणि पट्टा काकांच्या हातात दिला. घाईने नाही, पण परत घ्यायचा नसल्यासारखा. मी पातेल्यात पाणी ठेवलं. हेझल शांतपणे प्यायली आणि टेबलाखाली जाऊन आडवी झाली.

काकांनी त्याला टेबलाशी नेलं. टॉवेलवर दस्ता ठेवला होता. डेव्हने तो दोन्ही हातांनी उचलला, अंगठ्याने ती दोन अक्षरं चाचपली आणि नकळत गालाला लावला. मग म्हणाला, "बाकीची कुठाय?"

"पोलिसांकडे. काल दिली."

"ती माझी होती."

"हो, तुमचीच होती. मी न विचारता दिली. मी चोरी केली."

डेव्हने टेबलावर हात आपटला. चहाचा कप कलंडला, हेझल धडपडत उठली. त्याने दस्ता निमुळत्या टोकाशी असा पकडला होता की आता काय होतंय ते मला कळेना. मी फोन हातात घेतला होता. मला वाटत होतं काकांनी मागे सरकावं. ते सरकले नाहीत.

"तुम्हाला काय अधिकार होता?" तो मोठ्याने म्हणाला.

"काहीच नाही."

"माझ्या बापाची एक वस्तू. एक. तीही त्याने विकली असं सांगितलं मला, आणि त्यापायी तो मरेपर्यंत मी त्याच्याशी धड बोललो नाही. आता मिळते आहे तर तुम्ही..."

"त्याने विकली नव्हती, डेव्ह. भिंतीत ठेवून वरून फळी ठोकली. खिळे मी स्वतः काढले आहेत. फार घट्ट ठोकले होते."

डेव्ह खुर्ची ओढून बसला. दस्ता मांडीवर आडवा. सांडलेला चहा टेबलाच्या कडेवरून खाली ठिबकत होता आणि कुणी पुसत नव्हतं.

"मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा," तो म्हणाला. "त्या हिवाळ्यात." मग काकांकडे बघून, "डॅडला कळलं होतं?"

"कळलं असणार."

"मग मला विचारलं का नाही त्याने?"

"भीती वाटली असेल," काका म्हणाले. "मला आत्ता वाटते आहे."

त्यांनी श्वास घेतला आणि विचारलं, "डेव्ह, तुला मरायचं आहे का?"

असं थेट विचारताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं. आमच्या घरी 'जेवलास का' विचारतात आणि उत्तरावरून काय ते ओळखतात. मला वाटलं आता हा उठून निघून जाईल आणि सगळं संपेल.

डेव्ह मांडीवरच्या लाकडाकडे बघत राहिला.

"आज," तो म्हणाला.

काकांनी आपली खुर्ची उचलून त्याच्या खुर्चीला लावली, शेजारी बसले आणि दस्त्याचं दुसरं टोक हातात धरलं. काढून घेतलं नाही, नुसतं धरलं. मग माझ्याकडे बघून फोनकडे मान हलवली.

पुढे काय झालं ते आधी सांगते, कारण अशा गोष्टी ऐकताना माझा स्वतःचा जीव टांगणीला लागतो. डेव्ह आहे. तो काही आठवडे हॉस्पिटलमध्ये होता, मग बहिणीकडे. हेझल तोवर काकांकडे राहिली. तिला ते "पाहुणी" म्हणत आणि रोज संध्याकाळी फोन तिच्या कानाला लावत, मालकाचा आवाज ऐकवायला म्हणून. काकू ऑस्टिनहून आल्या तर घरात कुत्री. त्यांनी हात टेकले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी मऊ भात लावायला लागल्या. डेव्ह बरा झाल्यावर तिला घेऊन गेला. रायफल परत मागायला तो पोलिसांकडे कधी गेला नाही. मंडळाच्या पुढच्या संक्रांतीला काका पुन्हा सिंकपाशी उभे होते, भांडी उजेडात धरून नावं वाचत. त्या शनिवारबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. मी एकदा म्हटलं, तुम्ही त्याला वाचवलंत. ते म्हणाले, "चोरी ती चोरीच." आणि मनापासून म्हणाले, विनय म्हणून नाही.

पण मला काका आठवतात ते त्या टेबलाशी. मी हेल्पलाइनला फोन लावला होता. पलीकडून एक बाई बोलली, आवाज थकलेला पण मायाळू. मी काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही, मध्ये एकदा मी मराठीत बोलले आणि तिने शांतपणे परत विचारलं. तो माणूस आत्ता तुमच्यासमोर आहे का? हो. एकटा आहे का? नाही. मदत पाठवते, फोन ठेवू नका, ती म्हणाली. समोर दोघं खुर्च्यांना खुर्च्या लावून बसले होते. लाकडाचं एक टोक डेव्हच्या हातात, एक काकांच्या, आणि दोघांपैकी कुणीही सोडत नव्हतं. हेझलने हनुवटी डेव्हच्या बुटावर टेकवली होती. डेव्ह रडत होता. काकाही रडत होते.

मग त्या बाईने विचारलं, "घरात बंदूक आहे का?"

"नाही," मी म्हटलं.